अर्ध्या मिलिग्रॅमची खतावणी

नवा रायपुरातील रुंद, सरळ आणि दिवसाच्या बहुतेक प्रहरी निर्मनुष्य भासणाऱ्या रस्त्यांच्या कडेला ज्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांच्या सज्ज्यांखाली आग्यामाश्यांची काळसर पोळी लोंबताना पुष्कळदा दिसतात. माणसे राहावयास येण्यापूर्वीच या मंडळींनी तेथे ठाण मांडले आणि भाडेपट्टा, ताबापावती, मुद्रांकशुल्क असल्या कटकटींवाचून आपला कब्जा कायम केला. गेल्या फाल्गुनात एका सकाळी असेच एक मोहोळ उठले आणि आमचे शेजारी तात्या, ज्यांची उभी हयात कोषागारात लोकांची बिले तपासण्यात गेली, त्यांच्या मानेवर व दंडावर चार-पाच माश्यांनी डंख मारले. दहा मिनिटे उलटली नाहीत तोच अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि जिना उतरता उतरता त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. जवळच्या एका खाजगी रुग्णालयात नेताच तेथल्या तरुण डॉक्टरांनी क्षणही न दवडता मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन टोचले, पाय उंच करून निजवले, आणि पंधरा-वीस मिनिटांत तात्या “चष्मा कुठे आहे माझा?” असे विचारण्याइतपत शुद्धीवर आले.

संध्याकाळपर्यंत देखरेखीखाली ठेवून त्यांना घरी सोडण्यात आले, आणि खरे प्रकरण तेथून सुरू झाले. हाती पडलेल्या बिलात आपत्कालीन शुल्क होते, खाटेचे भाडे होते, प्राणवायू होता, सलाईन होते, हातमोजेही होते. ज्या एका औषधाने प्राण राखले ते मात्र ‘फार्मसी’ या सामाईक रकमेत गडप झाले होते, आणि बराच तगादा लावल्यावर मिळालेल्या पावतीत त्याची किंमत हातमोज्यांच्या किमतीहून कमी निघाली. डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात ‘ॲलर्जी’ एवढाच त्रोटक मजकूर. पुढे विमा कंपनीकडे कागद गेले, ते रुग्णालयातील वास्तव्य चोवीस तासांहून कमी असल्याच्या सबबीवर नामंजूर होऊन परत आले. तात्यांना पैशाचे दुःख बेताचेच झाले. त्यांची तक्रार निराळी होती. “अहो, आयुष्यभर मी बिनतपशिलाचं व्हाउचर पास केलं नाही,” ते म्हणाले, “आणि माझ्याच जिवाचं व्हाउचर हे असं?”

तात्यांच्या शरीरात जे घडले त्याचे सौम्य रूप आपल्या घरोघर परिचयाचे आहे. अमक्याला वांग्याचे वावडे आहे, तमकीला धुळीचे आहे, असे आपण सहज बोलतो. परंतु या वावड्याने एकाएकी सर्वांगावर चाल केली म्हणजे त्यास वैद्यक ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हणते. पूर्वी कधीतरी झालेल्या दंशामुळे विशिष्ट प्रतिपिंडे शरीरातील मास्ट नामक पेशींवर दबा धरून बसलेली असतात. तेच विष पुन्हा आले की त्या पेशी हिस्टमिनादी द्रव्ये एकदम मोकळी सोडतात, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, आणि श्वासमार्ग सुजून व आवळून बंद होऊ पाहतो. ॲड्रेनलिन या प्रत्येक आघाडीवर उलट दिशेने काम करते: वाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते, हृदयाला बळ देते आणि त्या पेशींनाही आवर घालते. एव्हिल किंवा हायड्रोकॉर्टिसोनच्या सुया आपल्याकडे मोठ्या श्रद्धेने टोचल्या जातात, पण त्या मागाहून येणाऱ्या कुमकेसारख्या. पहिला मान ॲड्रेनलिनचा, आणि तोही दंडात वा कातडीखाली नव्हे, मांडीच्या स्नायूत.

या विकाराचा शोध एका राजाच्या नौकेवरील वैज्ञानिक हौसेतून लागला. १९०१ मध्ये मोनॅकोच्या प्रिन्स आल्बर्टच्या सागरसफरीत शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रजीवांच्या विषाचा अभ्यास आरंभला. परतल्यावर, विषाची थोडी थोडी मात्रा देत गेल्यास प्रतिकारशक्ती वाढेल या अपेक्षेने त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, तेव्हा पहिली मात्रा सहज पचवलेला एक धडधाकट कुत्रा तीन आठवड्यांनी दिलेल्या अल्पशा दुसऱ्या मात्रेने अर्ध्या तासाच्या आत मेला. संरक्षण देऊ जावे आणि त्याच्या नेमके विपरीत फळ यावे, म्हणून १९०२ मध्ये त्यांनी ‘संरक्षणाच्या उलट’ अशा अर्थाचे हे ग्रीक धाटणीचे नाव घडवले. रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रयोगांच्याच सुमारास जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने अमेरिकेत अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले होते. त्या नावावर पार्क-डेव्हिस कंपनीने व्यापारी हक्क सांगितल्यामुळे अमेरिकी वैद्यकाने जॉन एबल यांनी त्याआधी सुचवलेले एपिनेफ्रिन हे नाव जवळ केले, तर इंग्लंडने आणि त्यामागोमाग आपण ॲड्रेनलिनच ठेवले. एकाच द्रव्याची ही दोन नावे आजतागायत चालत आली आहेत, आणि हिशेबाच्या वहीत दोन नावांचा एकच इसम म्हणजे घोटाळ्याला आवतण, हे तात्यांसारख्यांना सांगावयास नको.

आता हिशेबाकडे वळू. जुन्या मराठी दप्तरात दिवसभराचा व्यवहार जसा घडला तसा आधी रोजकीर्दीत उतरत असे, आणि मग कारकून त्यातली एकेक बाब उचलून खतावणीत तिच्या तिच्या सदराखाली मांडीत असे. या छत्तीसगढातही १७९० च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांचा सुभेदार विठ्ठल दिनकर याने मुलखाची परगण्यांत वाटणी केली, तेव्हा प्रत्येक परगण्यात कमाविसदार नेमला आणि त्याच्या जोडीला हिशेबासाठी फडणीस दिला. कारण वसूल करणाऱ्याने आपल्या वसुलीची वर्गवारी आपणच करू नये, ही गोष्ट त्या काळीही ठाऊक होती. आज ज्याला ‘मेडिकल कोडिंग’ म्हणतात तो धंदा नेमका हाच आहे. डॉक्टर व परिचारिका यांनी केसपेपरावर लिहिलेला मजकूर ही रोजकीर्द, आणि त्यातील रोग, उपचार, औषध यांना ठरावीक संकेतांक देऊन सदरवार लावणे ही खतावणी. कोडर रुग्णाचे तोंडही पाहत नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांचे कागद रातोरात वाचून संकेतांक लावणारी पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई येथील हजारो तरुण मुले-मुली तर त्या रुग्णापासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर असतात. म्हणूनच या व्यवसायाचा पहिला नियम असा की, जे कीर्दीत नाही ते खतावणीत येऊ शकत नाही, मग ते प्रत्यक्षात कितीही खरे असो.

रोगांची जागतिक खतावणी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण. मृत्यूच्या कारणांची यादी म्हणून १८९३ मध्ये झाक बर्तियों या फ्रेंच सांख्यिकीतज्ज्ञाने तिचा पाया घातला. आपल्या रुग्णालयांचे अभिलेख विभाग अद्याप बहुधा तिची दहावी आवृत्ती वापरतात. या आवृत्तीत आपला विकार कोठे आहे ते शोधू गेल्यास मोठी मौज होते, कारण तो एका जागी सापडतच नाही. अन्नामुळे झाला तर टी ७८.०, कारण कळले नाही तर टी ७८.२, रक्तद्रव वा लस यांमुळे झाला तर टी ८०.५, योग्य औषध योग्य रीतीने देऊनही झाला तर टी ८८.६, आणि मधमाशी चावली असेल तर स्वारी उठते ती थेट विषारी प्राण्यांच्या मुलखात, टी ६३.४ या संकेताकडे, जेथे ॲनाफिलॅक्सिस हा शब्दच नाही! शिवाय अपघात कसा घडला हे सांगणारा जोडसंकेत निराळा लावावा लागतो. मधमाश्या व गांधीलमाश्या यांसाठी तो एक्स २३ आहे. म्हणजे एकाच रोगाचे लोक पाच गावांच्या पटांवर विखुरलेले. ते एकत्र मोजावयाचे म्हटले तर कोणी मोजावे? मृत्यूच्या दाखल्यात तर ‘मूळ कारण’ म्हणून ॲनाफिलॅक्सिस धड बसवता येत नसे, आणि या विकाराने किती माणसे दगावतात याचा आकडा जगभर अपुरा राहिला त्याचे हे एक मोठे कारण होते. ॲलर्जीतज्ज्ञांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर, २०१९ मध्ये स्वीकृत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत त्यास ४ए८४ हे स्वतःचे घर मिळाले. आपल्या दप्तरांत ती आवृत्ती रुळेपर्यंत तात्या विषारी प्राण्यांच्या मुलखातच राहतील.

औषधाची खतावणी अमेरिकेत किती बारकाईने होते हे पाहिले म्हणजे आपले फडणीसही तोंडात बोट घालतील. डॉक्टरांच्या दवाखान्यात दिलेल्या सुयांसाठी तेथे इंग्रजी ‘जे’ अक्षराने सुरू होणारे संकेत आहेत. ॲड्रेनलिनसाठी २०१० अखेरपर्यंत जे ०१७० हा संकेत होता आणि त्याचे माप होते एक मिलिलिटरपर्यंतचे ॲम्प्यूल. १ जानेवारी २०११ पासून त्याच्या जागी जे ०१७१ आला आणि तो पुढे अनेक वर्षे चालला, त्याचे माप मात्र होते मिलिग्रॅमचा दहावा भाग. वरवर हा क्षुल्लक बदल वाटतो. परंतु ज्या कारकुनाने जुन्या सवयीने एका ॲम्प्यूलपोटी ‘१’ लिहिला, त्याने एक मिलिग्रॅम औषध देऊन त्याच्या दहाव्या हिश्शाचेच पैसे मागितले. कारण एका मिलिग्रॅमचे आता दहा एकक झाले होते. पाश्चात्त्य प्रघाताप्रमाणे ०.३ मिलिग्रॅमची मात्रा दिली तर तीन एकक, उरलेले ०.७ मिलिग्रॅम एकदा फोडलेल्या ॲम्प्यूलमध्ये ठेवता येत नाही, ते टाकून द्यावे लागते, तर वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत त्या टाकलेल्या सात एककांचीही निराळी ओळ ‘जेडब्ल्यू’ अशी खूण करून लिहावी लागते. काहीच वाया गेले नसेल तर तसेही ‘जेझेड’ या खुणेने सांगावे लागते, हा नियम २०२३ पासूनचा. सुई टोचण्याच्या श्रमाचा संकेत आणखी वेगळा, ९६३७२. सांडलेल्या थेंबांचाही जमाखर्च ठेवणारी ही पद्धत प्रथम हास्यास्पद वाटते. पण तात्यांच्या बिलाशी ताडून पाहिल्यावर मला तिचे हसू येईनासे झाले.

अर्थात बारकावा म्हणजे सचोटी नव्हे, हेही त्याच देशाने दाखवून दिले. रुग्णाने स्वतःच मांडीत टोचून घ्यावी अशी जी लेखणीसारखी स्वयंचलित सुई तेथे मिळते तिचे मूळ युद्धसामग्रीत आहे. विषारी वायूवरील उतारा सैनिकाला स्वहस्ते टोचता यावा म्हणून शेल्डन कॅपलान या अभियंत्याने १९७० च्या दशकात जी रचना केली, तिच्यापासून एपिपेन निघाले आणि १९८७ मध्ये त्यास मान्यता मिळाली. २००७ मध्ये ते मायलान कंपनीच्या हाती आले. तेव्हा सुमारे १०० डॉलरला मिळणारी दोन पेनांची पेटी २०१६ पर्यंत ६०० डॉलरच्या पुढे गेली, तीत असलेल्या औषधाचे मोल मात्र काही नाण्यांपुरतेच राहिले. त्यावर मोठा गहजब होऊन प्रतिनिधिसभेच्या समितीपुढे कंपनीची झडती झाली, ती वर्तमानपत्रांत गाजली. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी, निमूट घडलेली गोष्ट. गरिबांच्या मेडिकेड योजनेत औषधकंपन्यांनी सरकारला सूट द्यावी लागते: नाममुद्रेच्या औषधावर किमान २३.१ टक्के, तर सामान्य प्रतीच्या औषधावर १३ टक्के. एपिपेन हे दुकानात नाममुद्रेचे आणि सरकारी वहीत सामान्य सदरातले, असे वर्षानुवर्षे दुहेरी नांदत होते. एका प्रतिस्पर्धी कंपनीने ही चहाडी केली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये मायलानने दोष मान्य न करता ४६.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. औषध तेच, सुई तीच. चुकला तो फक्त खतावणीचा रकाना.

आपल्याकडे ही लेखणी औषधालयाच्या फळीवर सहसा दिसत नाही. आहे ते एक मिलिलिटरचे काचेचे ॲम्प्यूल, जे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत असून ज्याची किंमत एका चहाच्या कपाच्या आसपास घुटमळते. त्याच्या पावतीवर संकेतांक असतो, नाही असे नाही, पण तो ३००४ ने सुरू होणारा. तो जकातीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून आला असून ही वस्तू औषध आहे व तीवर कर किती, एवढेच सांगतो. रोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. सरकारी दवाखान्यांसाठी औषधे खरेदी करणाऱ्या छत्तीसगढ मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशनचे मुख्यालय याच नवा रायपुरात आहे. तेथून निघालेले ॲम्प्यूल जिल्हा, तालुका, आरोग्यकेंद्र असे पायरीपायरीने खाली जाताना प्रत्येक मुक्कामी नोंदले जाते, आणि शेवटी वॉर्डाच्या साठावहीत ‘खर्ची’ पडते. ते कोणासाठी खर्ची पडले हे साठावहीला ठाऊक असण्याचे कारण नसते.

आणि दावा? २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे. छत्तीसगढाने तिला जोडून १ जानेवारी २०२० पासून डॉ. खूबचंद बघेल यांच्या नावाने स्वतःची योजना चालवली, जी पुढे शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. या योजनांत शस्त्रक्रियेला ठोक रकमेचे पॅकेज असते आणि औषधोपचाराला खाटेच्या प्रतीनुसार दररोजचा दर. महाराष्ट्रात ज्याला आरोग्यमित्र म्हणतात तो इथला आयुष्मान मित्र पॅकेजचा संकेत संगणकात भरतो. कागद अपुरे असले की केस ‘क्वेरीत’ जाते. या मांडणीत तुटपुंज्या किमतीच्या ॲम्प्यूलला स्वतःची ओळ मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, ते दिवसाच्या दरात विरघळते. खाजगी विम्यात तर सामान्य नियमच असा की सलग चोवीस तास आंतररुग्ण झाल्याखेरीज रुग्णालयवास घडलाच नाही. ॲनाफिलॅक्सिसचा रोगी वेळीच सुई मिळाल्यास काही तासांत बरा होतो. आघात पुन्हा उलटू शकतो म्हणून चार-सहा तास, प्रसंगी अधिक, त्यास नजरेखाली ठेवावे लागते, पण चोवीस तास क्वचितच. उपचार जितका त्वरित आणि अचूक, तितका दावा फेटाळला जाण्याचा संभव अधिक. आणि डॉक्टरांनी चाचपडत रोग्याला अतिदक्षता कक्षापर्यंत पोहोचवले असते, तर सर्व कागद बिनतक्रार मंजूर झाले असते! नियम करणाऱ्यांचा हा हेतू नसेल, पण फळ हेच आहे. आणि ज्याचा दावा होत नाही त्याचा संकेतांक लावण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

नोंद आणि वसुली यांची ही मिठी सुटू शकते, याचे दर्शन घडवणारी दोन ठिकाणे मला दिसतात. पहिले म्हणजे लसीकरणाचे सत्र: तेथे परिचारिकेजवळ ॲड्रेनलिनची लहानशी पेटी असते, लस घेतलेल्याला अर्धा तास बसवून ठेवतात, आणि विपरीत काही घडलेच तर एक पैसाही आकारायचा नसताना त्याचा अहवाल वर जातो. त्या शिरस्त्यामुळेच २०२१ मध्ये राष्ट्रीय समिती कोविड लसीनंतरच्या मृत्यूंची छाननी करून त्यांतला एक ॲनाफिलॅक्सिसचा असल्याचे नक्की सांगू शकली. दुसरे ठिकाण नवा रायपुरातच आहे. २०१२ मध्ये उघडलेल्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालकांच्या हृदयावरील शस्त्रक्रिया विनामूल्य होतात, सुनील गावसकरांसारख्यांनी त्या कार्याला जाहीर पाठबळ दिले आहे, आणि तेथे बिलाची खिडकीच नाही. परंतु हृदयाच्या शस्त्रक्रियेत भूल, प्रतिजैविके, प्रोटामिन अशी वावडे उठवू शकणारी कितीतरी द्रव्ये शरीरात जातात, आणि खिडकी नसली म्हणून भूलतज्ज्ञाला आपल्या तक्त्यावर मिनिटागणिक मात्रा लिहिण्यापासून सुटका मिळत नाही. उद्या त्या बालकाला दुसऱ्या गावी दुसऱ्या टेबलावर निजवणाऱ्याला तेच पाहावे लागणार असते.

तात्यांनी गेल्या महिन्यात त्या खाजगी रुग्णालयाच्या अभिलेख विभागात रीतसर अर्ज दिला: निदान ‘मधमाशीच्या दंशाने ॲनाफिलॅक्सिस’ असे स्पष्ट लिहावे, टी ६३.४ व एक्स २३ हे संकेत घालावेत, आणि ॲड्रेनलिन किती, कोठे व किती वाजता दिले ते नमूद करावे. मी सोबत होतो. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, संगणकात पाहिले, आणि अगदी सद्भावाने विचारले, “बाबूजी, क्लेम तो रिजेक्ट हो चुका है ना? अब ये किसलिए?” तात्यांनी उत्तर दिले नाही. तीन खेपांनंतर नवे कार्ड हाती आले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले, वेळेच्या आकड्यावर बोट ठेवून डॉक्टरांची सही ताडली, शिक्का अस्पष्ट उमटला होता तो पुन्हा मारून घेतला, आणि एक छायाप्रत घडी करून पाकिटात आधारकार्डाच्या मागे सरकवली.